हिवाळ्यातील घाटमाथ्यावरचे उड्डाण : सकाळची शांतता आणि वरचा वारा

घाटवारा

डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते, ती म्हणजे पुणे महाबळेश्वरापेक्षा गार झाल्याची. बहुतेक वाचक तिच्याकडे गंमत म्हणून पाहतात आणि पान उलटतात. कामशेत-पाचगणी परिसरात पॅराग्लायडिंग करणाऱ्यांनी मात्र ती हवामानाची नोंद म्हणून वाचावी, असे मला वाटते. थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर उठणारा उबदार हवेचा लोट, किती वाजता सुटणार, किती उंच जाणार आणि वारा केव्हा अंगावर येणार, या तिन्ही प्रश्नांच्या उत्तराची सुरुवात त्या बातमीत असते.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तर महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर. दुपारी उन्हाने नीट ढवळून निघालेल्या कोरड्या हवेत दर किलोमीटर उंचीला तापमान ९.८ अंशांनी उतरते. त्या हिशेबाने महाबळेश्वर पुण्यापेक्षा सात-आठ अंशांनी थंड असायला हवे आणि भर दुपारी ते जवळपास तसे असतेही. पहाटे मात्र चित्र उलटते. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला, की जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते. जमिनीलगतची हवा गारठून जड होते, उतारांवरून सखल भागात येऊन साचते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. महाबळेश्वरातच वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दवाचे हिमकण होतात आणि त्याच पहाटे उंचावरच्या वेधशाळेत पारा बऱ्यापैकी वर असतो, त्यामागेही हेच कारण आहे.

आता हे आकडे उड्डाणासाठी कसे वापरायचे ते पाहू. समजा, पहाटे पुण्यात ९ अंश आणि महाबळेश्वरात १४ अंश तापमान आहे. पुण्याच्या पठारावरून निघालेला थर्मल महाबळेश्वराच्या उंचीपर्यंत पोहोचायचा असेल, तर वाटेत गमावले जाणारे सुमारे आठ अंश त्याच्याजवळ आधीच असायला हवेत. म्हणजेच पठारावरचे तापमान किमान २२ अंशांपर्यंत चढल्याशिवाय तो त्या उंचीला जाणार नाही. नऊवरून बावीसपर्यंत पारा चढायला हिवाळ्यातले तिरपे ऊन वेळ घेते. त्यामुळे नऊ-साडेनऊला विंग, म्हणजे पॅराग्लायडरचा कापडी पंख, पसरून बसणाऱ्यांना हिवाळ्यात बहुधा फक्त घसरत खाली जाण्याचा अनुभव येतो, आणि खरे उड्डाण अकरा-बाराच्या पुढे सुरू होते.

हे झाले खालचे झाकण. त्याच्या वर दुसरे असते आणि हिवाळ्यातील उंचीची मर्यादा तेच ठरवते. या काळात उत्तर आणि मध्य भारतावर उच्च दाबाचे क्षेत्र, म्हणजे प्रत्यावर्त, ठाण मांडून असते. त्यात वरची हवा संथपणे खाली बसत असते आणि खाली येताना दबून तापते. परिणामी जमिनीपासून एक ते दोन किलोमीटरवर कोरड्या, उबदार हवेचा थर तयार होतो. एप्रिल-मे महिन्यांत दख्खनच्या पठारावर थर्मल तीन किलोमीटर किंवा त्याहूनही उंच जातात. डिसेंबर-जानेवारीत ते याच्या निम्म्यावर अडतात, तेही दिवस चांगला असेल तर.

उदाहरणादाखल एक काल्पनिक पण नेहमीसारखी सकाळ घ्या. वरच्या हवेच्या मोजणीत समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरवर २० अंश आणि १,९०० मीटरवर १८ अंश तापमान दिसते. या दोन ठिकाणांहून ९.८ अंशांच्या दराने पुण्याच्या जमिनीपर्यंत खाली आलो, की पहिल्या उंचीसाठी सुमारे २९ अंश आणि दुसऱ्या उंचीसाठी सुमारे ३१ अंश लागतात असे निघते. दिवसाचे कमाल तापमान २९ ते ३० अंश राहणार असेल, तर त्या दिवशीचे छत १,५०० ते १,७०० मीटरच्या आसपास असणार, हे सकाळी चहा पिता पिताच कळते. त्यातही हे थर्मलचे टोक झाले. आपली विंग सेकंदाला सुमारे एक मीटर खाली बसत असते, त्यामुळे थर्मलचा जोर तेवढ्यावर आला की आपली चढण थांबते, आणि ती उंची टोकाच्या बरीच खाली असते.

ढगांची वाट पाहू नका, हेही याच हिशेबातून निघते. दुपारचे तापमान २९ आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ थेंब होऊ लागते) ७ असेल, तर फरकाला १२५ ने गुणल्यावर ढगाचा तळ जमिनीपासून सुमारे २,७५० मीटरवर येतो. थर्मल त्याच्या कितीतरी खाली थांबतो, म्हणून आकाश दिवसभर कोरे आणि निळे राहते. मग थर्मल शोधायचा तो घारींवरून, नांगरलेल्या शेतावरून आणि धुरावरून.

आता वाऱ्याकडे वळतो, कारण हा धागा काढण्याचे खरे कारण तेच आहे. प्रत्यावर्ताच्या दक्षिण कडेला असल्यामुळे हिवाळ्यात आपल्याकडे सुमारे दीड किलोमीटर उंचीवर, म्हणजे हवेचा दाब ८५० हेक्टापास्कल असतो त्या पातळीवर, वारा बहुधा पूर्वेकडचा असतो, कधी ईशान्येचा तर कधी आग्नेयेचा. तीन किलोमीटरच्या आसपास तो मंदावतो आणि दिशा बदलतो. त्याच्या वर पश्चिमी वारे सुरू होतात आणि बारा किलोमीटरच्या आसपास, आपल्यापेक्षा बरेच उत्तरेला, उपोष्ण जेट प्रवाह शंभर नॉट आणि त्याहूनही अधिक वेगाने वाहत असतो. जेट आपल्या विंगपर्यंत येत नाही. ८५० चा पूर्ववारा मात्र येतो, आणि तो कसा येतो हे समजून घेतले नाही तर हिवाळ्यातील उड्डाण धोक्याचे ठरते.

पहाटेच्या झाकणाखालची गार हवा वरच्या वाऱ्यापासून तुटलेली असते. वर पंधरा नॉटने, म्हणजे ताशी २८ किलोमीटरने, पूर्ववारा वाहत असला तरी टेकऑफवर, म्हणजे उड्डाणाच्या जागी, वाऱ्याची दिशा दाखवणारी पट्टी लोंबकळत राहते. बाराच्या सुमारास ऊन झाकण फोडते, हवा ढवळली जाते आणि वरचा वेग थर्मलच्या जोडीने खाली उतरतो. विंगचा नेहमीचा वेग ताशी छत्तीस-अडतीस किलोमीटर असताना अठ्ठावीसचा वारा आणि वर झुळुका म्हटल्यावर हाताशी काय उरते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. सकाळची शांतता ही झाकणाची बातमी असते. वरच्या वाऱ्याविषयी ती काहीच सांगत नाही.

सह्याद्रीच्या पश्चिममुखी उतारांवर हे दुप्पट लागू होते. पूर्वेकडून आलेली हवा पठारावरून सपाट येते आणि घाटमाथ्याच्या कड्यावरून कोकणात कोसळते. पश्चिममुखी टेकऑफ त्या वेळी वाऱ्याच्या आडोशाला, म्हणजे रोटरच्या, कड्याआड गरगरणाऱ्या खवळलेल्या हवेच्या, घरात असतो. तिथे समोरून हलकी झुळूक येताना दिसते, ती बरेचदा रोटरचाच खालचा पदर असते. तिच्या भरवशावर विंग उचलू नये.

---

पवनाकाठ

लेख दोनदा वाचला. मी या हिवाळ्यातच शिकायला सुरुवात केली आहे आणि आमचे प्रशिक्षक सकाळी साडेदहा वाजता, वारा अगदी गोड असताना, नवशिक्यांना विंग गुंडाळायला लावतात. त्याचे कारण आता समजले. परंतु एक शंका आहे. झाकण केव्हा फुटणार हे जागेवर उभे राहून ओळखता येते का? प्रत्येक वेळी आलेख आणि गणित जमेलच असे नाही.

---

घाटवारा

ओळखता येते, आणि या दिवसांत त्यासाठी सर्वांत चांगले साधन म्हणजे धूर. पश्चिम महाराष्ट्रात हा गाळपाचा हंगाम असतो. कुठे गुऱ्हाळ चालू असते, कुठे ऊस तुटल्यावर शेतकरी पाचट पेटवतात. सकाळी आठ-साडेआठला अशा धुराकडे नीट पाहा. तो थोडा सरळ वर जातो, मग एका ठराविक उंचीवर जणू छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो आणि करड्या पट्ट्यासारखा तिथेच तरंगत राहतो. तो पट्टा म्हणजे झाकणाचा तळ. पट्टा टेकऑफच्या खाली असेल तर तुम्ही वरच्या हवेत उभे आहात आणि अंगाला लागणारा वारा खरा आहे. पट्टा टेकऑफच्या वर असेल तर तुमच्याभोवतीची शांतता फसवी असू शकते.

पुढे ऊन चढते तसा पट्टा वर सरकतो, विरळ होतो, त्याची वरची कड फाटू लागते आणि धुराचे लोट तुटक तुटक होऊन वाकू लागतात. ते कोणत्या दिशेला वाकतात आणि किती, हे पाहिले की वरचा वारा काय आहे ते कळते. त्याच सुमारास घारी पंख न हलवता घिरट्या घालू लागतात. धूर पश्चिमेकडे झपाट्याने आडवा पडत असेल आणि तुमचा टेकऑफ पश्चिममुखी असेल, तर प्रशिक्षकांनी सांगायची वाट न पाहता विंग गुंडाळावी.

---

टेफिग्राम

मांडणी पटली, मात्र महाबळेश्वराच्या युक्तीला एक मर्यादा जोडली पाहिजे. डोंगरमाथ्यावरची वेधशाळासुद्धा जमिनीवरच असते आणि ती जमीनही रात्री गारठते. म्हणून तिथे नोंदलेले १४ अंश हे त्याच उंचीवरच्या मोकळ्या हवेच्या तापमानापेक्षा थोडे कमीच असतात. मोकळी हवा १६ अंश असेल, तर आपल्या हिशेबातले २२ अंश २४ होतात आणि थर्मलची वेळ आणखी पुढे जाते. तेव्हा या रीतीने आलेला आकडा कमीत कमी समजावा.

यावर उपाय म्हणजे प्रत्यक्ष मोजणी. भारतीय हवामान विभागाची रेडिओसाँड फुगे (वरच्या हवेचे तापमान, आर्द्रता आणि वारा मोजणारी उपकरणे नेणारे) सोडणारी केंद्रे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजी येथे आहेत. मोजणीची मुख्य वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार पहाटे ५:३० आणि सायंकाळी ५:३० अशी आहे. वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ही निरीक्षणे आकडे आणि आलेख अशा दोन्ही रूपांत पाहायला मिळतात. कामशेतसाठी बरेच जण सवयीने मुंबईचा आलेख उघडतात. मुंबईचा पहिला किलोमीटर मात्र समुद्रकाठच्या दमट हवेचा असतो आणि दख्खनच्या पठाराशी त्याचा संबंध नसतो. तापमानाच्या उतरंडीसाठी, म्हणजे उंचीबरोबर तापमान कसे उतरते यासाठी, छत्रपती संभाजीनगरचे निरीक्षण जवळचे ठरते, कारण चिकलठाण्याची उंची पुण्याच्या उंचीशी जवळपास जुळते. मुंबईचा आलेख मी एक किलोमीटरच्या वरच्या वाऱ्यासाठी पाहतो. एखाद्या दिवशी निरीक्षण आलेच नाही, असेही होते. तेव्हा हवामानाच्या अंदाजाच्या संगणकीय प्रारूपांवर भिस्त ठेवावी लागते.

प्रारूपांबाबत एक गोष्ट विसरली जाते. अमेरिकेच्या जीएफएस प्रारूपाचे आकडे सहसा सुमारे पंचवीस ते अठ्ठावीस किलोमीटरच्या जाळीवर, म्हणजे एवढ्या अंतरावरच्या बिंदूंसाठी, मिळतात, आणि युरोपीय हवामान केंद्राच्या प्रारूपाची जाळी सुमारे नऊ किलोमीटरची आहे. घाटमाथ्याचा कडा काहीशे मीटर अंतरात सातशे-आठशे मीटर कोसळतो. जीएफएसच्या लेखी तिथे फक्त एक सौम्य उतार असतो. म्हणून विंडीसारख्या ॲपवर कामशेतचा 'पृष्ठभागावरचा वारा' चार नॉट दिसतो आणि त्यावर विसंबून लोक निघतात. पृष्ठभागाचा आकडा बाजूला ठेवून ९०० आणि ८५० हेक्टापास्कलचा वारा पाहावा. तो कड्याच्या तपशिलावर कमी अवलंबून असतो आणि म्हणूनच अधिक विश्वासार्ह असतो.

---

पाचगणीकर

आमच्याकडची परिस्थिती थोडी वेगळी आहे, म्हणून लिहितो. पाचगणी १,२९० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे ८५० च्या पातळीपासून दोनशे मीटरच खाली. हिवाळ्यात सकाळी इथून खाली पाहिले, की वाई आणि धोम धरणाच्या बाजूचे कृष्णेचे खोरे धुरकट थराखाली बुडालेले असते आणि त्या थराची वरची कड पट्टीने आखावी तशी सरळ दिसते. आम्ही त्या झाकणाच्या वर असतो. त्यामुळे सकाळी टेकऑफवर जो वारा लागतो, तो बऱ्याच अंशी वरचाच वारा असतो. पाचगणीला सकाळी आठला दहा-बारा नॉट पूर्ववारा असेल, तर कामशेतच्या मित्रांना मी फोन करून सांगतो, की तुमच्याकडची शांतता दुपारपर्यंत टिकणार नाही.

उलट बाजूने आमची अडचण अशी, की टेकऑफ झाकणाच्या वर आणि लँडिंग झाकणाच्या आत. सकाळी लवकर उतरताना खालच्या दोनशे मीटरमध्ये हवा एकदम बदलते. कधी वाऱ्याची दिशा फिरते, कधी वारा पूर्णपणे पडतो आणि विंग अपेक्षेपेक्षा लांब तरंगत जाते. शेवटचे वळण घेताना हे लक्षात ठेवावे लागते. दुपारनंतर खोऱ्यातून वर येणारा वारा सुरू झाला, की सगळा मामला पुन्हा वेगळा होतो.

---

कोकणउतार

मी मुंबईहून येतो, म्हणून मला एक खूण उपयोगी पडते. जानेवारीत मुंबईचे कमाल तापमान पस्तीसच्या वर गेले, की शनिवारी कामशेतला पश्चिमेचा वारा मिळणार नाही असे मी धरून चालतो. या दोन गोष्टींचा संबंध कसा, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

---

टेफिग्राम

तुमची खूण योग्य आहे. किनाऱ्यावर रात्री आणि सकाळी मतलई वारे वाहतात, आणि जमीन तापली की दुपारच्या आधी-मागे खारे वारे सुरू होतात. खारे वारे वेळेवर आले तर मुंबईचा पारा एकतीस-बत्तीसला रोखला जातो. वर पूर्ववारा जोरात असेल तर तो खाऱ्या वाऱ्यांना समुद्रावरच थोपवून धरतो. शिवाय हा पूर्ववारा घाटावरून खाली उतरताना तापलेला असतो, त्यामुळे पारा पस्तीसच्या पुढे जातो. जो वारा दुपारी मुंबईतच आत शिरू शकत नाही, तो घाटमाथ्यापर्यंत कसा पोहोचणार?

पूर्ववारा मंद असतो तेव्हा खारे वारे कोकण ओलांडून साधारण तीन-चारच्या सुमारास घाटमाथ्यावर चढतात. पठारावरची कोरडी पूर्वेकडची हवा आणि ही पश्चिमेची गार हवा जिथे समोरासमोर येते, तिथे दोन्हींना वर जाण्यावाचून वाट नसते. कामशेतला संध्याकाळी पवनेच्या बाजूला जी लांब, मऊ, सर्वदूर मिळणारी लिफ्ट, म्हणजे वर उचलणारी हवा, सापडते, तिच्यात या संगमाचा वाटा असतो. नवे लोक तिला थर्मल समजून घिरट्या घालत बसतात. ती आडव्या पट्ट्यासारखी असते, म्हणून सरळ रेषेत उडून तिचा माग काढावा.

---

वॉशू

नमस्कार. मी अमेरिकेत नेवाडा राज्यात राहतो आणि मिंडेन परिसरात ग्लायडर उडवतो. पुण्यात असताना हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात विंचने वर खेचले जाणारे ग्लायडर पाहूनच हा नाद लागला, त्यामुळे धागा आपुलकीने वाचला.

तुमचा हिवाळा आणि आमचा हिवाळा यांत एक विलक्षण साम्य आणि एक मोठा फरक आहे. साम्य भूगोलाचे आहे. सिएरा नेवाडा पर्वताचा पश्चिम उतार लांब आणि सौम्य आहे, तर पूर्वेची बाजू एकदम तुटते. ओवेन्स खोऱ्याचा तळ साधारण १,२०० मीटरवर आणि शेजारी ४,४२१ मीटरचा व्हिटनी पर्वत. हिवाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे सौम्य बाजूने चढून तीव्र बाजूने कोसळणारा. सह्याद्री पूर्ववाऱ्यासाठी नेमकी याची आरशातली प्रतिमा आहे, फक्त आकाराने लहान.

फरक वरच्या हवेचा आहे. आमच्याकडे हिवाळ्यात जेट प्रवाह दक्षिणेकडे सरकतो आणि पर्वताच्या माथ्यापासून वरपर्यंत वारा एकाच दिशेने, उंचीबरोबर वाढत जातो. माथ्याच्या आसपास स्थिर हवेचा थर असेल, माथ्यावर वीस नॉट किंवा अधिक वारा पर्वतरांगेला जवळपास काटकोनात असेल आणि वर तो वाढत असेल, तर पर्वतापलीकडे हवेच्या उभ्या लहरी तयार होतात. त्यांच्या माथ्यावर मसूराच्या आकाराचे ढग तासन्‌तास एकाच जागी थांबलेले दिसतात. वारा त्यांतून वाहत असतो, पण ढग हलत नाही. १९५१-५२ मध्ये बिशप गावाहून याच लहरींचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. २५ फेब्रुवारी १९६१ रोजी पॉल बिकल यांनी कॅलिफोर्नियातील लहरीत ४६,२६७ फूट, म्हणजे १४,१०२ मीटर उंची गाठली, तीही ज्याच्या कॉकपिटमध्ये हवेचा दाब राखलेला नव्हता अशा ग्लायडरमधून. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये अर्जेंटिनातील एल कलाफाते येथून पर्लान-२ हे ग्लायडर २२ किलोमीटरच्याही वर गेले. दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्याच्या अखेरीस ध्रुवीय भोवऱ्याचे वारे पर्वतलहरींना स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या थराच्या वरच्या वातावरणात, वर नेतात, म्हणून ते शक्य झाले.

लहरीत शिरण्याआधी तिच्याखालच्या रोटरमधून जावे लागते, आणि तो भाग कोणत्याही थर्मलपेक्षा वाईट असतो. इथल्या नियमांनुसार १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त काळ राहिल्यास वैमानिकाला प्राणवायू घ्यावा लागतो, आणि १४,००० फुटांच्या वर तो सतत घ्यावा लागतो. मी स्वतः त्याच्या बरेच आधी नळी लावतो, कारण प्राणवायू कमी पडल्याचे ज्याचे त्याला कळत नाही.

आता माझा प्रश्न. आरशातली प्रतिमा आहेच, तर पूर्ववाऱ्यात कोकणाच्या बाजूला अशा लहरी मिळत नसतील का?

---

घाटवारा

प्रश्न आवडला. उत्तराची किल्ली तुमच्याच लिहिण्यात आहे. लहरींना वर जाण्यासाठी उंचीबरोबर टिकणारा किंवा वाढणारा वारा लागतो. आपल्याकडे पूर्ववारा तीन किलोमीटरच्या आसपास शून्यावर येतो आणि वर पश्चिमेचा होतो. ज्या पातळीवर वाऱ्याचा त्या दिशेचा वेग शून्य होतो, तिथे खालून आलेल्या लहरींची ऊर्जा अडते आणि विरून जाते. म्हणून चांगला पूर्ववारा आणि माथ्याजवळ झाकण असेल त्या दिवशी कड्याच्या पश्चिमेला लहरीची हालचाल असू शकते, परंतु ती बुटकीच राहणार. रोटर मात्र पूर्ण ताकदीचा असतो. खाली कोकणाच्या बाजूला दाट जंगल, दऱ्या आणि उतरायला जागा नाही, हे पाहता पॅराग्लायडरने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ग्लायडरवाल्यांचा प्रश्न वेगळा, पण मुंबई आणि पुण्याच्या हवाई हद्दींमध्ये त्यासाठी मोकळीक मिळणे अवघड आहे.

---

निळेआकाश

हडपसरचा उल्लेख आला म्हणून थोडी भर घालतो. ग्लायडर सेकंदाला पाऊण मीटरहूनही कमी वेगाने खाली बसतो, त्यामुळे हिवाळ्यातल्या अशक्त थर्मलमध्येही तो टिकतो, जिथे पॅराग्लायडर खाली येतो. पण विंचने मिळणारी उंची कमी असते आणि डिसेंबरात झाकण अजून शाबूत असताना वर गेलो, तर दोन-तीन फेऱ्यांतच धावपट्टीवर परत. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुण्याचा पारा बत्तीस-तेहतीसला जाऊ लागला, की एकदम ऋतू बदलल्यासारखे वाटते.

---

पवनाकाठ

आणखी एक शंका विचारतो. टीव्हीवर 'पश्चिमी झंझावात' असे सारखे ऐकतो. तो काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडतो हे माहीत आहे. आपल्या उड्डाणावर त्याचा काही परिणाम होतो का? मार्चच्या आधी बीड-बिलिंगला जायचाही विचार आहे.

---

टेफिग्राम

बीड नव्हे, हिमाचलातले पॅराग्लायडिंगचे ठिकाण बीर-बिलिंग! मराठवाड्यात गेलात तर हिमालय सापडणार नाही.

परिणाम होतो, आणि तो टप्प्याटप्प्याने येतो. झंझावात वायव्येकडून येताना त्याच्या पुढच्या बाजूला, जेट प्रवाहाच्या कडेने, उंच तंतुमेघांचे पट्टे महाराष्ट्रापर्यंत पसरतात. ते पातळ असले तर फरक पडत नाही. दाट झाले तर ऊन दुधाळ होते, जमीन तापत नाही आणि कागदावर उत्तम वाटणारा दिवस फुकट जातो. झंझावात पूर्वेला सरकल्यावर त्याच्या मागून उत्तरेची कोरडी, थंड हवा खाली येते आणि निफाड-नाशिककडे पारा घसरल्याच्या बातम्या सुरू होतात. गार हवा नुकतीच वरच्या थरांतही शिरलेली असली, तर तापमानाची उतरंड सुधारते आणि एक-दोन दिवस थर्मल नेहमीपेक्षा उंच आणि जोरकस मिळतात. हिवाळ्यातले माझे आवडते दिवस हेच. मात्र त्या दिवसांत उत्तर-ईशान्येचा वाराही वाढलेला असतो. चांगला थर्मल आणि जास्त वारा हे जोडीनेच येतात. पुढे प्रत्यावर्त पुन्हा बसला, की झाकण खाली येते, धुरके साचते आणि आठवडाभर रोजचा दिवस आधल्या दिवसासारखाच असतो.

बिलिंगबद्दल : टेकऑफ सुमारे २,४०० मीटरवर आहे आणि मागे धौलाधारची बर्फाळ भिंत. मुख्य हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा असतो. नंतर बर्फाची रेषा खाली येते आणि बर्फाच्छादित उतारावरून थर्मल सुटत नाही. जेटही त्या अक्षांशांच्या जवळ असतो, त्यामुळे झंझावाताच्या आसपास ५०० हेक्टापास्कलचा जोरदार वारा कड्यांपर्यंत पोहोचू शकतो. तिथे ८५० चा आकडा निरुपयोगी, कारण ती पातळी बीर गावाच्या लँडिंगच्या जवळपास येते. ७०० आणि ५०० पाहावेत. शिकत असाल तर फेब्रुवारीत एकट्याने जाऊ नका.

---

कोकणउतार

मग शनिवारसाठी शुक्रवारी रात्री नेमके काय पाहावे? प्रारूपाचा कोणत्या वेळेचा आकडा?

---

घाटवारा

शुक्रवारी रात्री शनिवारच्या सकाळी साडेअकरा आणि दुपारी अडीच या वेळांचा ८५० चा वारा पाहा. साडेअकराचा आकडा झाकण फुटताना काय खाली येणार ते सांगतो, आणि अडीचच्या वाऱ्यावरून खारे वारे चढू शकतील की नाही याचा अंदाज येतो. साडेअकराला बारा नॉटच्या वर पूर्ववारा असेल तर मी पश्चिममुखी टेकऑफवर सकाळी जातच नाही. अडीचला तो पाच-सहावर आलेला दिसला तर दुपारी तीननंतर निघतो. शनिवारी पहाटेचे निरीक्षण सातच्या पुढे संकेतस्थळावर येते. त्यावरून रात्रीचा अंदाज एकदा पडताळून घ्या आणि लोणावळ्याच्या पुढे आलात की डावी-उजवीकडे कुठे धूर दिसतो का ते पाहा. पाचगणीकरांचा क्रमांक जवळ असेल तर आठ वाजता त्यांना फोन करा. ते उचलतात.

---

पाचगणीकर

उचलतो, पण साडेआठनंतर. आठला मी टेकऑफवर असतो.